शंभर यार्डांच्या आत

सकाळी पावणेसात

शाळेचे फाटक सात वाजता उघडते. समोरचा पानठेला त्याआधी उघडतो. मी स्कूटी उभी करते तेव्हा ठेलेवाल्याची झाडलोट झालेली असते, अगरबत्ती लागलेली असते आणि तो पुड्यांच्या माळा टांगत असतो. वरच्या काचेआड सिगारेटची पाकिटे. त्याखाली बरण्या: गोळ्या, लॉलीपॉप, आवळा सुपारी, बडीशेप. बरण्यांच्या पुढे पानमसाल्याच्या, जर्द्याच्या, मीठी सुपारीच्या पुड्या लोंबतात, त्यांच्यातच चिप्सची पाकिटे आणि चिंचेची गोळी. सगळ्यांचा आकार जवळपास सारखा, चकाकी सारखी, रंग सारखे भडक. उंचीही ठरलेली. तिसरीतले मूल ठेल्यासमोर उभे राहिले की माळेचे टोक बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येते.

जबलपूरच्या अधारतालकडच्या एका वस्तीतली ही शाळा. आजोबा अमरावतीहून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला आले तेव्हापासून आम्ही जबलपूरकर. घरात मराठी, शाळेत हिंदी. मी विज्ञान शिकवते आणि त्याबरोबर आणखी एक काम सांभाळते: शाळेची तंबाखू-निरीक्षक. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2019 मध्ये तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नऊ निकष आहेत, त्यांना मिळून शंभर गुण आहेत आणि असा एक निरीक्षक नेमायचा आहे. शिक्षक चालतो, नववीच्या पुढचा विद्यार्थीही चालतो. फाटकावर फलक लावायचा, आवारात थोटके किंवा पिचकाऱ्या दिसता कामा नयेत, सहा महिन्यांत निदान एक कार्यक्रम घ्यायचा आणि शाळेपासून शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेघ मारून घ्यायची. त्या रेघेच्या आत तंबाखू विकायचा नाही. आवारातले सगळे गुण आम्ही मिळवतो. रेघ मात्र आवाराबाहेर आहे, आणि खरे काम तिथेच अडते.

सव्वासात

मुले यायला लागतात. पावसाची भुरभुर आहे, त्यामुळे बरेच बाप आज मोटारसायकलवर सोडायला आले आहेत. पुढे टाकीवर धाकटा, मागे थोरली. गाडी फाटकाशी थेट येत नाही, आधी ठेल्यापाशी थांबते. बाप खिशातून नोट काढून टाकीवरच्या मुलाच्या हातात देतो, मूल ती पुढे करते, ठेलेवाला दोन पुड्या आणि एक गोळी मुलाच्या हाती ठेवतो. पुड्या बापाला, गोळी मुलाला. बाप दाताने पुडी फाडतो, पानमसाल्यात जर्दा ओततो, हलवतो, तोंडात टाकतो. रिकामी पुडी रस्त्यावर पडते. मग मूल फाटकातून आत येते आणि मला वाकून नमस्ते करते.

यात कोणी कोणाचे वाईट चिंतलेले नसते. बापाचे मुलावर प्रेम आहे म्हणून तर तो पावसात सोडायला आला. पण मुलाच्या दृष्टीने पाहिले तर शाळेच्या दिवसाचा पहिला धडा इथे होतो, आणि तो रोज, न चुकता, प्रात्यक्षिकासह होतो. पुडी कशी मागायची, किती रुपये द्यायचे, कोणती कशात मिसळायची, हे आमच्या पहिलीतल्या मुलांना ठाऊक असते.

2019 साली देशभरातल्या 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांचे तंबाखूविषयी सर्वेक्षण झाले. त्यात 8.5 टक्के मुले तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होती. मला त्या अहवालातला दुसरा आकडा जास्त टोचतो. चघळायच्या तंबाखूच्या सुरुवातीचे मध्यक वय 9.9 वर्षे होते, बिडीचे 10.5 आणि सिगारेटचे 11.5. चघळणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी दहावा वाढदिवस यायच्या आधीच पहिली चिमूट घेतली होती. दहाव्या वर्षी मूल चौथी-पाचवीत असते. आपली सगळी व्यसनमुक्तीची भाषणे मात्र नववी-दहावीच्या वर्गात होतात.

आठ ते साडेदहा

तास होतात. सातवीत आम्लारी, नववीत पेशी. तंबाखूचा विषय निघत नाही आणि मीही काढत नाही. सारखे बोलले की मुले कान बंद करतात.

एक गोष्ट इथेच सांगते. जागतिक तंबाखूविरोधी दिन 31 मे रोजी असतो. मध्य प्रदेशात आणि विदर्भात तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी असते. त्या दिवशी शपथ घ्यायची, फेरी काढायची, चित्रे काढून घ्यायची, अशी परिपत्रके येतात, आणि वर्गात बाकांशिवाय कोणी नसते. आम्ही शपथ जुलैत घेतो. पहिल्याच आठवड्यात, पालकांना बोलावून. मुलांपेक्षा पालकांकडून घेतलेली शपथ मला महत्त्वाची वाटते.

साडेदहा, मधली सुट्टी

घंटा होते आणि पाच मिनिटांत मैदानाची दोन टोके भरतात: एक नळ, दुसरे फाटक. फाटक बंद असते. मुलांना बाहेर सोडत नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळतो. पण फाटकाच्या गजांतून हात जातो. ठेलेवाल्याचा पुतण्या सुट्टीच्या वेळी टोपली घेऊन गजांपाशीच येऊन उभा राहतो. टोपलीत तंबाखू नसतो. मी रोज पाहते, खरोखर नसतो. गोळ्या, चिप्स, बोरकूट असते आणि मीठी सुपारी असते. दोन रुपयांना एक पुडी, गोड, वेलचीच्या वासाची, लाल रंगाची.

या सुपारीबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कायदा तिच्याबद्दल काही बोलत नाही. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा तंबाखूला लागू आहे. पानमसाला त्यात येतो तो तंबाखू मिसळलेला असेल तरच. साधी सुपारी, मीठी सुपारी, बिनतंबाखूचा पानमसाला यांना वयाची अट नाही, शंभर यार्डांची अट नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीदेखील माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे, तंबाखूच्याच गटात. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाते, पांढुरके पट्टे येतात, हळूहळू तोंड उघडेनासे होते. यासाठी तंबाखूची गरज लागत नाही.

शिवाय सुपारी जिभेला सवय लावते. तोंडात काहीतरी धरून ठेवायचे, त्याचा रस गिळायचा, तासभर तेच चघळायचे, ही सवय मुलाला आठव्या वर्षी लागली की बाराव्या वर्षी त्यात जर्दा मिसळायला फार धाडस लागत नाही. दोन रुपयांच्या पुडीनंतर पाच रुपयांची, मग तिच्याबरोबर रुपयाची जर्द्याची.

या जोडपुडीलाही इतिहास आहे, आणि त्यात आमचे राज्य पुढे होते. 2011 च्या अन्नसुरक्षेच्या नियमाखाली गुटख्यावर बंदी घालणारे देशातले पहिले राज्य मध्य प्रदेश. अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटिन मिसळता येणार नाही हा नियम हाती घेऊन 1 एप्रिल 2012 पासून इथे गुटखा बंद झाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत बंदी आणली आणि गुटख्याबरोबर पानमसाल्यावरही आणली. त्या एप्रिलमध्ये आम्हा शिक्षकांना फार बरे वाटले होते. पुढे काय झाले ते गल्लोगल्ली दिसते. एका पुडीत मसाला, दुसऱ्या पुडीत जर्दा, दोन्ही एकाच माळेला शेजारी शेजारी. गिऱ्हाईक आपल्या हाताने मिसळते आणि कारखान्यात बनायचा तोच गुटखा तळहातावर बनतो.

सुट्टी संपायच्या आत मी फाटकाबाहेर जाऊन ठेलेवाल्याशी बोलते. आमच्यात वैर नाही. त्याची मुलगी आमच्याकडेच पाचवीत आहे.

“पुतण्याला गजांपाशी पाठवू नका,” मी म्हणते.

“मॅडमजी, तो जर्दा विकत नाही. मुलांना मी जर्दा देत नाही, कोणालाही विचारा. सुपारी तर लग्नातसुद्धा वाटतात.”

“आणि कोणी म्हणालं, पप्पांनी मागवलीय, तर?”

तो गप्प होतो. मग म्हणतो, “मग द्यावी लागते. नाही दिली तर बाप येऊन भांडतो.”

मी त्याला विचारते, टॉफी-चिप्समध्ये किती सुटते? फारसे नाही, असे तो सांगतो. खरी कमाई पुडीत आणि सुट्या सिगारेटमध्ये. मुलांसाठी ठेला थांबतो, मोठ्यांच्या जिवावर चालतो. समोरचा चकाचक काउंटर कंपनीच्या माणसाने फुकट बसवून दिला, हेही तो लपवत नाही. त्या काउंटरची रचना नीट पाहावी. खालचा काचेचा कप्पा टॉफीसाठी आणि त्याच्या लगेच वरचा सिगारेटसाठी, असा तो तयारच मिळतो.

काही वर्षांपूर्वी देशातल्या वीस शहरांत शाळांभोवतीच्या तंबाखूच्या दुकानांची पाहणी झाली होती. दहापैकी नऊ ठिकाणी तंबाखूची मांडणी टॉफी, मिठाई आणि खेळण्यांच्या शेजारी होती आणि तितक्याच ठिकाणी ती जमिनीपासून मीटरभर उंचीवर, म्हणजे मुलाच्या नजरेच्या पातळीला होती. आमच्या ठेलेवाल्याने ती पाहणी वाचलेली नाही. त्याला जसा काउंटर मिळाला तसा त्याने मांडला.

साडेअकरा

आठवीचा गणिताचा तास आज मी मागून घेतला आहे. मैदानावरची मोजपट्टी घेऊन सहा मुले आणि मी बाहेर पडतो. शंभर यार्ड म्हणजे 91.44 मीटर. नियम सांगतो की हे अंतर शाळेच्या बाहेरच्या भिंतीपासून, चहूबाजूंनी, त्रिज्येसारखे मोजायचे. रस्त्याने चालत नाही, फाटकापासूनही नाही. दुकानदार नेहमी फाटकापासून आणि रस्त्याच्या वळणाने मोजतात, आणि बहुतेक वाद यावरूनच होतात. मुलांना त्रिज्या एरवी इतकी पटकन कळत नाही.

आम्ही नकाशा काढतो. मागच्या भिंतीला लागून चहाची गुमटी आहे, तिथे सुट्या सिगारेट मिळतात. वळणावर किराणा दुकान, तिथे बिडीचे बंडल आणि वह्या एकाच फळीवर आहेत. समोर आपला ठेला. पुढे सायकल दुरुस्तीवाला, त्याच्या पेटीवर जर्द्याच्या पुड्यांची माळ. मंदिराशेजारी आणखी एक ठेला. झेरॉक्सच्या दुकानातही काउंटरवर सुपारी. वर्तुळ पुरे करायच्या आधीच मुलांची पेन्सिल थांबते, कारण वर्तुळात येणार नाही असे दुकान शोधणे अवघड होते. गेल्या वर्षी रस्त्यावर मारलेली पिवळी रेघ नव्या डांबराखाली गेली. ती पुन्हा मारून द्या, असा अर्ज मी एका कचेरीत दिला आहे. तिथून मला दुसऱ्या कचेरीत पाठवले आहे.

चहाच्या गुमटीवर एक मुलगा विचारतो, सुट्या सिगारेटवर चित्र का नसते? प्रश्न अगदी वर्मावर बसतो. 2016 च्या एप्रिलपासून पाकिटाचा 85 टक्के दर्शनी भाग सचित्र इशाऱ्याने व्यापायचा नियम आहे. पण इथे पाकीट कोण घेतो? एक काडी, दोन काड्या, एवढीच विक्री. मूल पाकीट घेऊच शकत नाही, तेवढे पैसे त्याच्याकडे नसतात, पण एका काडीचे पैसे खाऊच्या पैशातून निघतात. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट आणि बिड्या विकायला बंदी घातली, ती याच कारणाने. ती बंदी तिथल्या टपऱ्यांवर किती पाळली जाते हे महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपापल्या कोपऱ्यावर जाऊन पाहावे. तरी नियम असणे आणि नसणे यात फरक आहे. नियम असला तर बोट दाखवता येते.

साडेबारा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आज तपासणीला आले आहे. डोळे, दात, वजन, उंची. डॉक्टरीणबाईंना मी आधीच सांगून ठेवले आहे: सहावीच्या पुढच्या मुलांची बोटांची परीक्षा घ्या. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालायची. निरोगी तोंडात तिन्ही जातात. दोनच गेली तर अस्तर आवळायला लागले असण्याची शंका घ्यायची.

मुलांना हा खेळ वाटतो. हसत, ढकलाढकली करत रांग पुढे सरकते. एका मुलाचे तिसरे बोट आत जात नाही. तो पुन्हा प्रयत्न करतो, मान वाकडी करून, मग हात खाली घेतो. डॉक्टरीणबाई त्याला बाजूला बसवतात, बॅटरी लावून गालाच्या आत पाहतात आणि मेडिकल कॉलेजसाठी चिठ्ठी लिहितात. त्याने तंबाखू कधी घेतलेला नाही, शपथेवर सांगतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. सुपारी? ती तर लहानपणापासून, रोज.

सुरुवातीलाच सुपारी सोडली तर पुढचे बिघडणे पुष्कळ टळते. एकदा पक्के झालेले आवळणे मात्र पूर्ण मोकळे होत नाही. म्हणून ही तपासणी दरवर्षी, प्रत्येक शाळेत व्हावी. तीन बोटांना पैसे लागत नाहीत. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी उद्याच आपल्या वर्गात करून पाहावी.

दीड

शाळा सुटते. त्याच सुमारास जीपमधून कारवाईचे पथक येते. दोन शिपाई, एक साहेब. महिनोन्महिने मी पाठपुरावा केला तेव्हा हे आले, म्हणून मी त्यांचे आभार मानते, मनापासून. साहेब समजूतदार आहेत. ठेलेवाल्याला पावती फाडून देतात. रक्कम दोनशे रुपये. कायद्यात कमाल दंड तेवढाच आहे, 2003 साली ठरलेला, आणि मध्य प्रदेशात आजही तोच. ठेलेवाला गल्ल्यातून नोटा काढून देतो. जीप वळली की माळा पुन्हा बाहेर येतात. दोनशे रुपये त्याला एका सकाळीत भरून काढता येतात.

दुसरे एक कलम आहे, ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या 77 व्या कलमानुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एकाच कृत्याला एकीकडे दोनशे रुपये, दुसरीकडे सात वर्षे. सात वर्षांचे कलम लावलेले मी आजवर पाहिले नाही, आणि पाचवीतल्या मुलीच्या बापाला सात वर्षे आत टाकावे असे मलाही वाटत नाही. हवी आहे ती मधली शिक्षा, जी दुकानदाराला खरोखर जाणवेल आणि जी अधिकारी खरोखर देतील. कर्नाटकाने आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती करून तंबाखू विकत घेण्याचे किमान वय 21 केले आणि दंड हजारापर्यंत नेला. हे आपल्याकडेही होऊ शकते. पण दंडाने विक्री महाग होईल, काउंटर बदलणार नाही. काउंटर बदलायचा असेल तर परवाना हवा, आणि त्याकडे मी शेवटी येते.

साडेतीन

गोहलपूरच्या बाजूच्या एका गल्लीत मी जाते. आठवीतली एक मुलगी काही दिवस आलेली नाही आणि तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, आईचे बिडी कामगाराचे ओळखपत्र लागते.

शाळेजवळच्या दुकानांविषयी लिहिताना जबलपूरकराला इथे थांबावेच लागते. हे शहर बिडीचे आहे. भोवतालच्या जंगलात तेंदूची झाडे आणि मध्य प्रदेश तेंदूपत्त्यात देशात अव्वल. गेल्या शतकाच्या आरंभी गुजरातेतून आलेल्या मंडळींनी इथे बिडीचा धंदा उभा केला. मोहनलाल हरगोविंददास या पेढीचे नाव त्यातून देशभर झाले. कारखान्याची बिडी पुढे घराघरांत गेली आणि ती वळायचे काम बायकांच्या मांडीवरच्या सुपात आले. रात्री पाने भिजवायची, सकाळी लोखंडी फरम्याने कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, दोऱ्याने बांधायची, तोंड मोडायचे. सट्टेदार पाने आणि तंबाखू मोजून देतो, बिड्या हजाराच्या हिशेबाने परत घेतो आणि मनाला येईल तेवढी छाट काढून फेकतो. छाटलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही.

खोली एकच आहे. दारापाशी उजेडात आई बसलेली, समोर सूप, सुपात तंबाखू. मुलगी शेजारी बसून बिड्यांची तोंडे मोडते आहे. तिची बोटे इतकी चपळ चालतात की वर्गात फळ्यावरचे उतरवून घेणारी ती हीच का, असे वाटते. पलंगावर तान्हे झोपले आहे. खोलीत शिरताच माझ्या घशात खवखव होते. तंबाखूचा कोंडा हवेत आहे, चादरीवर आहे, मुलीच्या वहीच्या पानांत आहे. ओल्या हातांतून निकोटिन कातडीवाटे अंगात जाते. या मुलीने तंबाखू कधी तोंडात घातलेला नाही, पण तो रोज तिच्या अंगात जातो.

शंभर यार्डांचा नियम या खोलीला लागू नाही. 1986 च्या बालकामगार कायद्याने मुलांना बंद केलेल्या कामांत बिडी वळणे होते, पण घरच्या माणसांबरोबर घरात केलेल्या कामाला त्यातून सूट होती. जवळजवळ सगळे काम घरातच होते, मग बंदी कोणासाठी उरली?

आई मला चहा देते. “दीदी, पोरगी शाळेत गेली की बिड्या कमी होतात,” ती सरळ सांगते. मी तिला तंबाखू वाईट आहे असे सांगत नाही. तिला खोकला आहे, तिला माहीत आहे. आम्ही अर्ज भरतो. कल्याण आयुक्तांचे कार्यालय जबलपुरातच आहे, तिथे ओळखपत्राच्या नूतनीकरणासाठी उद्या कोणी जायचे ते ठरवतो. मुलगी सोमवारपासून येईल, असे ती म्हणते. मी आणखी एक मागणी करते: सूप अंगणात, तान्ह्यापासून दूर, आणि मुलीने कामानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. एवढे तरी आज होऊ शकते.

तंबाखूतून या मुलीची फी निघते हे मला नाकारता येत नाही. बिडी कमी व्हायची असेल तर या आयांच्या हातांना दुसरे काम आधी द्यावे लागेल. शिलाई, तयार कपड्यांचे काम जबलपुरात आहे, पण ते या गल्लीपर्यंत पोचलेले नाही. बिडीविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, ही जबाबदारी आपली मानली पाहिजे.

सहा

परतीच्या वाटेवर चौकात मोठा फलक आहे. सिनेमातला नट वेलचीचे दाणे हवेत उधळतो आहे. नाव, अक्षरे, रंग सगळे पानमसाल्याचे. विकायला काढली आहे वेलची. तंबाखूच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे, वेलचीच्या नाही. माझ्या शेजारी सिग्नलला थांबलेल्या रिक्षातली दोन मुले त्या जाहिरातीतले वाक्य नटाच्या आवाजात म्हणून दाखवतात. सकाळी ठेल्यावर लोंबणारी पुडी त्यांना अनोळखी वाटण्याचे कारणच उरत नाही.

रात्री साडेआठ

जेवणे झाली. टेबलावर महापालिकेला द्यायचा अर्ज आहे. यात मी दंडाबद्दल एक ओळ लिहिते आणि बाकी सगळे एका मागणीसाठी.

सप्टेंबर 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवले होते. तंबाखू विकणाऱ्या दुकानाला स्थानिक संस्थेचा परवाना असावा, आणि ज्या दुकानाला असा परवाना आहे तिथे टॉफी, चिप्स, बिस्किटे, शीतपेये, म्हणजे मुलांना ओढून आणणारी कोणतीही वस्तू विकता येऊ नये. इतकी साधी गोष्ट. लखनौसारख्या शहराने 2021 मध्ये परवान्याची पद्धत आणली. आमच्या ठेलेवाल्यापुढे मग निवड राहील: वह्या, पेन्सिली, बोरकूट, चिप्स विकायचे आणि शाळेसमोर बसायचे, किंवा तंबाखू विकायचा आणि शंभर यार्डांच्या बाहेर जायचे. त्याची रोजी जाणार नाही, पण त्याला एक काहीतरी सोडावे लागेल. आणि बापाची पुडी व मुलाची गोळी एकाच हाताने दिली जाणे थांबेल. त्याच अर्जात मी मीठी सुपारीचेही नाव घातले आहे. कायद्यात ती नसली तरी परवान्याच्या अटींत ती घालायला महापालिकेला कोण अडवते?

अर्जावर पालकांच्या सह्या घ्यायच्या आहेत. उद्या सव्वासातला मी फाटकावर न थांबता ठेल्यापाशी थांबणार आहे आणि प्रत्येक मोटारसायकलवाल्या बापापुढे कागद धरणार आहे. जे बाप स्वतः सोडू इच्छितात त्यांच्यासाठी कागदाच्या खाली सरकारी मदतवाहिनीचा मोफत क्रमांक लिहिला आहे: 1800-11-2356.

नागपूरच्या, नाशिकच्या, सोलापूरच्या, जिथे कुठे तुम्ही हे वाचत असाल तिथल्या शाळेभोवती एकदा मोजपट्टी घेऊन फिरा. भिंतीपासून 91 मीटर. आत काय काय सापडले ते लिहून काढा, त्याखाली पालकांच्या सह्या घ्या आणि तो कागद आपल्या नगरपालिकेला द्या. आणि घरात कोणी तंबाखू खात असेल, बिडी ओढत असेल, तर ती आणायला मुलाला पाठवू नका.